एक इंजिन गेलं तर?

"आगं, पर उडतानाच एक इंजान बंद पडलं तर?"

पुण्याहून बेंगळुरूला आत्याकडे जायचं तिकीट काढून झालं होतं आणि ओसरीवर बसून आजीने हा प्रश्न टाकला. १२ जून २०२५ च्या अहमदाबाद अपघाताचे व्हिडिओ तिनेही पाहिले होते. तशी आम्हा मोरगावकरांना विमानं नवी नाहीत, बारामतीला पायलटचं शिक्षण मिळतं. पण आजीला काय सांगावं ते मला सुचेना. मास कॉमला हे शिकवत नाहीत! मग वाचायला बसले.

पहिला धक्का असा, की प्रवासी विमानाच्या प्रत्येक टेकऑफचं गणित 'एक इंजिन जाणार' असं धरूनच मांडतात. वजन, तापमान, धावपट्टीची लांबी यांवरून एक वेग ठरतो, 'व्ही-वन'. त्याआधी इंजिन गेलं तर ब्रेक. त्यानंतर गेलं तर उडायचंच, चर्चा नाही. म्हणून व्ही-वनची हाक आली की कॅप्टन थ्रस्ट लिव्हरवरचा हात चक्क उचलून घेतो. घाबरून हात मागे ओढला जाऊ नये म्हणून.

आता खरी गंमत. डावं इंजिन गेलं की उजवं एकटंच ढकलतं आणि विमानाचं नाक डावीकडे वळू लागतं. म्हणजे हाताआधी पाय. उजवा रडर पेडल दाबून नाक सरळ ठेवायचं. मला वाटायचं, पायलट लगेच उरलेल्या इंजिनाला फुल पॉवर देत असेल. बरेचसे टेकऑफ मुळात पूर्ण ताकदीने नसतातच, इंजिनाची झीज कमी व्हावी म्हणून. त्यामुळे ताकद शिल्लक असते. पण ती वाढवली की नाक आणखी जोरात वळतं, आणि वेग कमी असेल तर रडर पुरा पडत नाही. काही सेटिंगमध्ये तर ठरावीक वेगाआधी लिव्हर पुढे ढकलायचीच नसते. ठरवलेला थ्रस्ट गणिताप्रमाणे पुरतो. दोन इंजिनांचं विमान एकावर किमान २.४ टक्के चढतं, म्हणजे शंभर मीटर पुढे गेलं की २.४ मीटर वर. दिसायला रडतखडत, पण चढतं.

साधारण ४०० फुटांपर्यंत नाक सरळ आणि चढण नीट एवढंच बघायचं. मग दोघांनी मिळून नेमकं कुठलं इंजिन गेलं ते पडताळायचं. नंतर वेग वाढवायचा, फ्लॅप आत घ्यायचे आणि थ्रस्ट सतत झेपेल इतका खाली आणायचा. टेकऑफची ताकद एरवी पाचच मिनिटं वापरता येते, एक इंजिन गेल्यावर काही विमानांना दहा.

पडताळणं का महत्त्वाचं? ४ फेब्रुवारी २०१५, तैपेई. ट्रान्सएशियाच्या एटीआरचा उजवा पंखा चुकीच्या सिग्नलमुळे आपोआप निकामी झाला आणि कॅप्टनने घाईत डावं, चांगलं इंजिन बंद केलं. पुलावरच्या टॅक्सीला घासून नदीत पडलेलं ते विमान तुम्हीही पाहिलं असेल. ५८ पैकी ४३ जण गेले. याउलट १९ जून २०२२ ला पाटण्यात स्पाइसजेटच्या बोइंगचं डावं इंजिन पक्ष्याच्या धडकेने पेटलं. कॅप्टन मोनिका खन्ना यांनी ते बंद केलं, उरलेल्या एकावर विमान वळवून परत आणलं. १८५ प्रवासी सुखरूप.

सगळंच थ्रस्टवर नसतं, हेही खरं. १२ ऑक्टोबर १९७६ ला सांताक्रूझहून मद्रासला निघालेल्या इंडियन एअरलाइन्सच्या कॅराव्हेलचं एक इंजिन फुटलं. विमान माघारी वळलं, पण आग लागली होती. धावपट्टी गाठण्याआधीच ते कोसळलं, ९५ जणांचा जीव गेला. आणि अहमदाबादला, प्राथमिक अहवालानुसार, दोन्ही इंजिनांचं इंधन एका सेकंदाच्या अंतराने बंद झालं होतं. ते प्रकरण वेगळंच.

आजीला एवढं सगळं सांगितलं. पाटण्याची गोष्ट तिने दोनदा ऐकली. "बाईमाणूस व्हती?" असं विचारून पदर सावरला. तिकीट रद्द करायचा विषय पुन्हा निघाला नाही.

तेवढ्यात वरून शिकाऊ विमान गेलं.

"ह्याला किती इंजानं?"

"एकच."

"आन् ते बंद पडलं तर?"

नाक खाली करायचं, वेग सांभाळायचा आणि समोर दिसेल त्या मोकळ्या रानात उतरायचं, मागे वळायचा मोह टाळायचा, असं मी सांगितलं. आजीने आमच्या जिरायती तुकड्याकडे बघितलं. "बाजरी काढून झाल्यावर ये म्हणावं."