आलमबागेतील शोरा आणि आयातीचे पालाश

लखनौमधील आलमबाग आज बसस्थानक, मेट्रो व रेल्वे कार्यशाळांमुळे परिचित आहे. नोव्हेंबर 1857 ते मार्च 1858 या काळात मात्र येथे जेम्स औट्रम यांच्या नेतृत्वाखाली ब्रिटिश फौजेचा तळ होता. त्या काळच्या तोफांच्या दारूत सुमारे तीन चतुर्थांश वाटा शोऱ्याचा, म्हणजे पोटॅशियम नायट्रेटचा, असे. गंगेच्या खोऱ्यातील नोनिया कारागीर क्षारयुक्त माती धुऊन व ते पाणी आटवून शोरा काढीत. 1758 मध्ये बिहारच्या शोऱ्याचा मक्ता ईस्ट इंडिया कंपनीच्या हाती गेला आणि अन्य देश तिच्यावर अवलंबून राहू लागले. 1861 च्या अखेरीस ‘ट्रेंट’ जहाजावरून दक्षिणेचे दोन प्रतिनिधी पकडले गेले, तेव्हा ब्रिटनने अमेरिकेच्या उत्तरेकडील सरकारसाठी खरेदी झालेला हिंदुस्थानी शोरा रोखून धरला. प्रतिनिधी सुटल्यावरच तो मोकळा झाला.

आज बाजू उलटली आहे. ज्या मूलद्रव्याचा पुरवठा या भूमीतून होई, तेच भारत आयात करतो. खाण मंत्रालयाने 2023 मध्ये जाहीर केलेल्या 30 अत्यावश्यक खनिजांच्या यादीत लिथियम व कोबाल्टसोबत पोटॅश आणि फॉस्फरसही आहेत, हे फारसे लक्षात घेतले जात नाही. म्युरेट ऑफ पोटॅश कॅनडा, रशिया, बेलारूस, इस्रायल, जॉर्डन अशा मोजक्या देशांतून येते. फेब्रुवारी 2022 मध्ये लिथुआनियाने बेलारूसच्या पोटॅशची रेल्वे वाहतूक बंद केली; त्याच महिन्यात रशिया-युक्रेन युद्ध पेटले. जानेवारी 2021 मध्ये टनास 247 डॉलरने झालेला भारताचा आयात करार वर्षभरात 590 डॉलरवर गेला आणि 50 किलोची गोणी 1700 रुपयांना पडू लागली.

महागाईत शेतकरी प्रथम पालाशच वगळतो, कारण युरियासारखा त्याचा परिणाम डोळ्यांना दिसत नाही. दिसते ती कीड. पालाश अपुरे पडल्यास पानांत विद्राव्य शर्करा व अमिनो आम्ले साचतात, पेशीभित्तिका दुबळ्या राहतात. मावा, तुडतुडे आणि भातावरील तपकिरी तुडतुडे यांना आयते खाद्य मिळते. मग फवारण्या वाढतात, आणि कीटकनाशकांचा बराच कच्चा माल चीनमधून येतो. म्हणजे एका आयातीत केलेली काटकसर दुसऱ्या आयातीत खर्ची पडते.

देशी पर्याय अगदीच नाही असे नाही. मळीवर चालणाऱ्या आसवन्यांतील स्पेंट वॉश जाळून उरणाऱ्या राखेपासून मळीजन्य पालाश तयार होते. ऑक्टोबर 2021 पासून त्याला पोषणद्रव्याधारित अनुदान मिळते. त्यात पालाश किमान 14.5 टक्के, तर म्युरेटमध्ये 60 टक्के. म्हणून एका गोणीच्या जागी चार गोण्या वाहाव्या लागतात आणि कारखान्यापासून दूरच्या शेतास ते परवडत नाही. शिवाय हा नवा साठा नव्हे, उसाने जमिनीतून उचललेलेच पालाश परत येते. राजस्थानातील पोटॅशचे साठे खोलवर असून तेथून उत्पादन सुरू झालेले नाही. तूर्त ऊस, केळी व द्राक्ष यांसारख्या पालाशाची मोठी उचल करणाऱ्या पिकांत माती परीक्षण करूनच मात्रा कमी करावी. केवळ भाव पाहून नव्हे.