इटलीचें द्राक्ष आणि अकलूजचा मळा

केळीचा भाव उतरला कीं यावलकडील बागाइतदाराच्या मनांत दुसऱ्या पिकाचा विचार येतो, आणि त्या विचारांत मद्याच्या द्राक्षाचेंहि नांव निघतें. म्हणून असा एक परदेशी वाण आपल्या राज्यांत कसा रुजला, हें वाचकांपुढें ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे.

सांजोवेझे हें इटलींतील तोस्काना प्रांताचें काळें द्राक्ष. क्यांती या प्रसिद्ध तांबड्या मद्याचा मुख्य आधार तेंच. सोलापूर जिल्ह्यांत अकलूजच्या परिसरांत २००७ च्या सुमारास ‘फ्रातेल्ली’, म्हणजे ‘भाऊ’, या नांवाची मद्यशाळा निघाली. तिच्या मळ्यांत हें द्राक्ष पिकतें, आणि काबर्ने सोव्हिन्यों या फ्रेंच वाणाच्या जोडीनें ‘सेत्ते’ नांवाच्या मद्याच्या बाटलींत जातें.

तोस्कानांत हिंवाळ्याच्या थंडीनें वेल निजतो, वसंतांत फुटतो आणि सप्टेंबर-ऑक्टोबरांत घड उतरतात. आपल्याकडे वेलास अशी झोप नाहीं. त्याचें वर्ष कात्रीनेंच आंखून द्यावें लागतें. एप्रिलच्या खरड छाटणीनें काडी तयार होते व तिच्या डोळ्यांत घड धरतो. पावसाळ्याअखेरच्या गोडी छाटणीनें तो बाहेर पडतो. अशा रीतीनें घड पिकण्याचे दिवस कोरड्या हवेंत येतात. शिवाय या वाणांत आंबटपणा मूळचाच अधिक, हा उष्ण प्रदेशांत त्याचा गुणच होय.

परंतु वेल रुजला एवढ्यानें शेतकऱ्याचें भागत नाहीं. मद्याचें द्राक्ष बारीक व बियांचें. खाणारा तें घेत नाहीं, आणि परवान्यावांचून मद्य करून विकतां येत नाहीं. राज्य सरकारनें २००१ सालीं द्राक्षप्रक्रियेचें धोरण जाहीर केल्यावर नाशिककडे अशा बागा पुष्कळ लागल्या. पुढें २००९-१० च्या सुमारास मद्याची मागणी घटली, मद्यशाळांनीं खरेदी आंखडली, आणि कित्येकांनीं उभ्या बागांवर कुऱ्हाड चालविली.

अकलूजचें वेगळेपण येथेंच आहे. ‘सेत्ते’ म्हणजे सात. अकलूजचे मोहिते-पाटील बंधू दोन, दिल्लीचे सेखरी बंधू दोन, इटलीचे सेच्ची बंधू दोन आणि मद्यतज्ज्ञ पिएरो मासी, असे ते सात. शेती, व्यापार व विद्या एकाच भागींत असल्यामुळें द्राक्षास गिऱ्हाईक शोधीत फिरण्याची पाळी आली नाहीं.

आपल्या यावलास उन्हाळ्यांत पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. खरड छाटणीची कोवळी फूट नेमकी त्याच दिवसांत, विहिरींचें पाणी खोल गेलें असतां, जगवावी लागेल. केळी परवडली नाहीं तर एक-दोन पिकांनंतर मोडतां येते. द्राक्षाचा मांडव मात्र दहा-पंधरा वर्षांचा सोबती. त्यावरील कर्जहि तसेंच लांबतें.

सबब आमची सूचना अशी: प्रथम मद्यशाळेशीं अनेक वर्षांचा लेखी करार करावा. भाव, गोडीची पारख व माल न उचलल्यास भरपाई हीं तीन कलमें त्यांत स्पष्ट असावीं. नंतर थोड्या जमिनींत प्रयोग करून दोन-तीन उन्हाळे पाहावे. इतकें झाल्यावरच केळीच्या रानांत मांडवाचे खांब रोवावे.