डोंगराआडची मुले आणि विज्ञानाचा पाठ

मंचर आणि घोडेगाव मागे टाकून भीमाशंकरच्या रस्त्यास लागले म्हणजे डिंभे धरणाचा जलाशय दिसतो आणि पुढे चढणीवर आंबेगाव तालुक्यातील तळेघर हे गाव लागते. सह्याद्रीच्या माथ्याजवळचा हा मुलूख मुख्यत्वे महादेव कोळी समाजाचा. पावसाळ्यात भाताची खाचरे, उन्हाळ्यात हिरडा गोळा करण्याचे काम, हा येथील वर्षाचा क्रम. मार्च २०२० मध्ये कोविडच्या महासाथीमुळे राज्यातील शाळा बंद झाल्या. आश्रमशाळांत राहून शिकणारी मुलेही आपापल्या वाड्यावस्त्यांवर परतली. ‘शाळा बंद, पण शिक्षण सुरू’ ही त्या दिवसांतील घोषणा होती. ती शहरातील घरांत बऱ्याच अंशी खरी ठरली. डोंगराआडच्या वाडीत ती कितपत खरी ठरू शकत होती, आणि विशेषतः विज्ञानासारखा हाताने करून पाहण्याचा विषय दुरून शिकविता येतो काय, हा प्रश्न विचार करण्याजोगा आहे.

हा प्रश्न २०२० साली प्रथमच उद्भवला असे नाही. १९३७ च्या सप्टेंबरात अमेरिकेतील शिकागो शहरी पोलिओची साथ पसरली व शाळा उघडणे लांबणीवर पडले. तेव्हा तिसरी ते आठवीच्या सुमारे ३ लाख १५ हजार मुलांसाठी नभोवाणीवरून पाठ देण्यात आले. पाठांचे वेळापत्रक व त्यावरील प्रश्न वृत्तपत्रे छापीत आणि पालकांच्या शंकांना दूरध्वनीवरून उत्तरे देण्यासाठी शिक्षक बसविलेले असत. तथापि ज्यांच्या घरी रेडिओ नव्हता, किंवा ज्यांना आवाज नीट ऐकू येत नव्हता, ती मुले मागे राहिली. साधन बदलले तरी अडचण तीच राहते, हे त्या प्रसंगावरून ध्यानात येते.

तळेघरसारख्या गावी ही अडचण कशी उत्पन्न होते ते समजण्यास विद्युत्-चुंबकीय लहरींचा थोडा विचार केला पाहिजे. आकाशवाणी, मोबाइल आणि उपग्रहावरील दूरदर्शन या तिन्हींचे संदेश अशाच लहरींवरून येतात. फरक असतो तो तरंगलांबीचा आणि लहर कोणत्या दिशेने येते त्याचा. पुणे केंद्राची मध्यम लहर ७९२ किलोहर्ट्झची, म्हणजे तिची तरंगलांबी सुमारे ३७९ मीटर. एवढी लांब लहर जमिनीला धरून चालते आणि टेकडी आडवी आली तरी तिला बरीचशी वळसा घालून जाते. मोबाइलची १८०० मेगाहर्ट्झची लहर मात्र अवघी वीतभर, सुमारे १७ सेंटिमीटर लांबीची. ती जवळजवळ सरळ रेषेत जाते. मनोरा आणि हातातील यंत्र यांच्यामध्ये डोंगर आला की ती तेथेच अडते. महासाथीच्या काळात सह्याद्रीतील अनेक वाड्यांतील मुले ‘रेंज’ शोधीत उंचवट्यावर जाऊन बसत, त्याचे कारण हेच होय.

उपग्रहाची लहर तर याहूनही आखूड, सुमारे अडीच सेंटिमीटरची; आणि तरीही ती तळेघरास पोहोचते. ती डोंगरापलीकडून न येता वरून येते, हे त्याचे कारण. दूरदर्शनचे विनामूल्य प्रक्षेपण ज्या उपग्रहावरून होते तो विषुववृत्तावर सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवर असून, तळेघरहून पाहिल्यास आग्नेयेस क्षितिजापासून सुमारे ५८ अंश वर असतो. घरावरील छत्री त्या दिशेला वळविली म्हणजे मधला डोंगर बहुधा आड येत नाही.

या गोष्टीचा उपयोग महाराष्ट्रात झालाही. २० जुलै २०२० पासून सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीच्या मुलांसाठी ‘टिलीमिली’ ही मालिका सुरू झाली. पुस्तकातील धडा वाचून दाखविण्यापेक्षा घरातील व परिसरातील वस्तू घेऊन कृती करण्यावर तिचा भर होता. ज्या घरी दूरचित्रवाणी संच होता आणि त्या घटकेला वीज होती, तेथे हा पाठ डोंगर ओलांडून आला. परंतु या मार्गात एक उणीव राहते. लहर खाली येते, वर काही जात नाही. मुलाला शंका आली, प्रयोग फसला किंवा उत्तर निराळे निघाले, तर ते कोणाला सांगावे? विज्ञानाचे शिक्षण तर बहुतांशी याच ठिकाणी घडते.

यावर उपाय म्हणून शिक्षकाचे तोंड दाखविणारी चित्रफीत मोबाइलवर पाठविण्याची धडपड झाली. तासाभराच्या चित्रफितीस काही शेकडा मेगाबाइट लागतात. उलट मोबाइलचा साधा लघुसंदेश अवघ्या १४० बाइटचा असतो आणि त्यात देवनागरीची ७० चिन्हे मावतात. जेथे चित्रफीत येता येता थांबते, तेथेही असा संदेश पुष्कळदा निघून जातो. लहर क्षणभर सापडली तरी त्यास पुरते. मग विज्ञानाच्या कामास एवढी जागा पुरेल काय? पुरेल, कारण मोजमाप हे थोडक्या अंकांत सांगता येते.

एक उदाहरण घेऊ. तळेघरचा अक्षांश सुमारे १९.१ अंश उत्तर. त्यामुळे १६ मेच्या आसपास दुपारी साडेबाराच्या सुमारास सूर्य तेथे बरोबर डोक्यावर येतो आणि अंगणात ओळंब्याने सरळ उभी केलेली काठी सावलीविना राहते. सूर्य परतताना जुलैच्या अखेरीस पुन्हा हा योग येतो, पण तेव्हा तेथे ढगांचे राज्य असते. त्याच मेच्या दिवशी, तेथील मध्यान्ही, कोल्हापुरातील एक मीटर काठीची सावली सुमारे ४ सेंटिमीटर पडते व ती दक्षिणेकडे. नागपुरात ती साडेतीन सेंटिमीटरच्या आसपास पडते आणि उत्तरेकडे. तीन गावच्या मुलांनी आपापला आकडा व दिशा एकमेकांस कळविली, की पृथ्वी गोल असल्याचा पुरावा त्यांच्या अंगणातूनच मिळतो.

पुढचा हिशेबही सातवी-आठवीच्या मुलास झेपणारा आहे. कोल्हापूरची सावली सूर्याचा सुमारे २.४ अंशांचा कल दाखविते. संपूर्ण वर्तुळाच्या ३६० अंशांत असे १५० भाग येतात. तळेघर व कोल्हापूर यांचे दक्षिणोत्तर अंतर सुमारे २६५ किलोमीटर; त्यास १५० ने गुणले की ३९,७५० किलोमीटर. पृथ्वीचा ध्रुवांवरून जाणारा परीघ ४० हजार किलोमीटरच्या किंचित वर आहे. बावीसशे वर्षांमागे एराटोस्थेनीसने ईजिप्तमध्ये हीच युक्ती योजिली होती. यास लागणारे साहित्य म्हणजे एक काठी, एक ओळंबा, एक मोजपट्टी आणि मुलाचे उत्तर वाचणारा एक शिक्षक. यांतील शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची.

या पद्धतीचे भव्य उदाहरण शेजारच्या जुन्नर तालुक्यातच आहे. नारायणगावजवळ खोडद येथे डॉ. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण उभी राहिली. तिच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात पसरल्या आहेत. एकटी तबकडी आकाशाचे सूक्ष्म चित्र काढू शकत नाही. तीस तबकड्यांच्या ४३५ जोड्या होतात. त्या जोड्यांच्या नोंदी एकत्र आणून गणित केले म्हणजे दूरच्या आकाशगंगेचे चित्र प्रकट होते. अशा दुर्बिणीला मानवनिर्मित लहरींचा गोंगाट चालत नाही, म्हणून ती शहरापासून दूर ठेवावी लागते आणि भोवतीचे डोंगर तिच्या कामी येतात. एकीकडे दुर्बिणीचा रखवालदार ठरणारा डोंगर दुसरीकडे मुलाच्या शिक्षणातील अडसर ठरावा, ही निसर्गाची गंमतच म्हटली पाहिजे. महासाथीच्याच काळात, ७ सप्टेंबर २०२० रोजी, डॉ. स्वरूप यांचे निधन झाले.

ग्रामीण भागातील पाचवीपासून पुढचे वर्ग ४ ऑक्टोबर २०२१ पासून भरविण्यास सरकारने परवानगी दिली, तेव्हा मध्ये दीड वर्ष लोटले होते. तेवढ्या काळात दोन उन्हाळे येऊन गेले. दोनदा तळेघरच्या अंगणात सूर्य डोक्यावर आला आणि काठीची सावली नाहीशी झाली. ते पाहण्यास मनोऱ्याची गरज नव्हती. पाहिलेले कोणी विचारावे, एवढीच गरज होती. पुढे कधी साथीमुळे, पुरामुळे वा दरडीमुळे पुन्हा शाळेची दारे लागली, तर पाठ कसा पोहोचवावा याइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, विचार मुलाचे उत्तर परत कसे आणावे याचा झाला पाहिजे. डोंगराआडचे मूल ही खोडदच्या तीस तबकड्यांपैकी एक तबकडी समजावी. तिची नोंद न घेतल्यास चित्र अपुरे राहते, आणि ती उणीव त्या एका तबकडीपुरती राहत नाही.