दोन थेंबांचे केशर

गेल्या कोजागिरीला आमच्याकडे सगळी भावंडे जमली होती. मी हौसेने खरे केशर आणून दूध आटवले. पेला तोंडाला लावून दादा म्हणाला, "छान झालंय गं, पण लहानपणी आई करायची तसं नाही. तिच्या दुधाला केशराचा काय घमघमाट असायचा!"

आई गालातल्या गालात हसली. दादा गच्चीवर गेल्यावर मला हळूच म्हणाली, "बाबांचा कारखाना बंद होता ती दोन वर्षं घरात केशराची काडीही आली नव्हती. तो घमघमाट बाटलीतला."

"आणि रंग?"

"तोही पुडीतला!"

मी थक्कच झाले. इसेन्सच्या त्या बोटाएवढ्या बाटल्यांविषयी माझ्या मनात अढी होती. शिवाय माझा अनुभवही कडू, अगदी शब्दशः कडू! केकला वास चांगला यावा म्हणून मी एकदा व्हॅनिला इसेन्स टोपणामागून टोपण ओतले होते, आणि मुलांनी त्याचे 'औषधाचा केक' असे बारसे केले होते. तेव्हा आई एवढेच म्हणाली होती, "अगं, अत्तर कुणी तांब्याने अंगावर ओतून घेतं का?"

यातले मर्म समजायला एक साधा प्रयोग पुरेसा आहे. नाक घट्ट दाबून वेलदोडा चावा. चव जवळजवळ नाहीशी होते; नाक सोडताच परत येते. जिभेला गोड, आंबट, खारट, कडू अशा मोजक्याच चवी कळतात. बाकी सारा कारभार नाकाचा. म्हणून संत्र्याच्या सरबतात नुसते इसेन्स घालून भागत नाही. लिंबाचा रस किंवा चिमूटभर सायट्रिक अॅसिड हवेच. जिभेला आंबटपणा पटला, की मग नाकाला संत्रे पटते.

सरबताचा पाक पुरता निवल्याशिवाय बाटली उघडूच नये. हे सुगंध उडून जाणारे. कढत पाकात घातले, तर स्वयंपाकघर दरवळते आणि पेल्यात काही उरत नाही. आईही दूध खाली उतरवून, कोमट झाल्यावरच दोन थेंब घालायची. केकला मात्र भट्टीची आच चुकत नाही. तेथे लोणी-साखर फेसतानाच इसेन्स घालावे, कारण स्निग्ध पदार्थ सुगंध धरून ठेवतो. पाव किलो मैद्याला व्हॅनिलाचा एक चहाचा चमचा साधारण पुरतो. केवडा, अननस, केळे ही मंडळी उग्र. त्यांची गणती थेंबांतच करावी. आईस्क्रीमला हात किंचित सैल सोडावा, कारण गारठ्याने वास दबतो. बाटलीवरचे प्रमाण आधी वाचावे, आणि बाटली शेगडीपासून लांब, अंधाऱ्या कप्प्यात ठेवावी.

आता 'खऱ्या'ची गोष्ट. व्हॅनिला ही मूळची मेक्सिकोची वेल. रियुनियन बेटावर ती वाढली, फुलली, पण शेंगा धरीना. 1841 साली एडमंड आल्बियस या बारा वर्षांच्या गुलाम मुलाने बारीक काडीने फुलाचे परागीभवन करून दाखवले. आजही मळ्यांतून एकेक फूल असेच हाताने फळवावे लागते आणि शेंगा महिनोन् महिने मुरवाव्या लागतात. मग ती महाग असणारच! 1874 साली टीमान आणि हारमान या जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी तिच्यातले मुख्य सुगंधी द्रव्य, व्हॅनिलिन, पाइन झाडातील एका द्रव्यापासून तयार केले. आज बाजारातले बहुतेक व्हॅनिलिन कारखान्यांतलेच असते. खऱ्या शेंगेत त्याच्या जोडीला आणखी शेकडो द्रव्ये असतात. कस्टर्डमध्ये तो फरक जाणवतो. भट्टीतून निघालेल्या केकमध्ये फारसा नाही. तेव्हा खरी शेंग कोठे खर्चावी आणि बाटली कोठे चालेल, हे गृहिणीने खुशाल हिशेबाने ठरवावे.

उरला प्रश्न लबाडीचा. तो मी आईला विचारलाच. ती म्हणाली, "केशराचं म्हणून विकलं असतं, तर लबाडी. मला फक्त तुमची कोजागिरी चुकू द्यायची नव्हती."

यावर मी काय बोलणार? दुकानातल्या पाकिटावर 'केशर' वाचून आत नुसता वास निघाला, तर मी आजही भांडेन. पण त्या दोन वर्षांत आम्हां मुलांना घरातली ओढाताण कळली नाही, ती त्या बाटलीच्या जोरावर.

यंदा कोजागिरीला मी दूध निवू दिले आणि केशराच्या काड्यांवर हळूच दोन थेंब टाकले. दादाने दोन पेले रिचवले आणि म्हणाला, "आता जमलं बघ तुला!"

त्याला अजून काही सांगितलेले नाही. पण हा अंक त्याच्या घरी दर दिवाळीला येतो, आणि हे सारे मी आईला विचारूनच लिहिले आहे.