सोनोग्राफी नॉर्मल, तरी पोट दुखतंय

‘डॉक्टर, सोनोग्राफी नॉर्मल आली, पण दुखणं काही थांबत नाही.’ सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत हे वाक्य आठवड्यातून दोन-चारदा तरी कानावर पडतं. त्यामागची समजूत अशी, की सोनोग्राफी म्हणजे पोटाच्या आतला फोटो आणि फोटोत काही नाही म्हणजे पोटातही काही नाही. प्रत्यक्षात आपण पोटात आवाज सोडतो आणि त्याचा परत आलेला प्रतिध्वनी यंत्राला ऐकवतो. त्या आवाजाला काय सापडेल आणि काय निसटेल, हे बरंचसं त्याच्या तरंगलांबीवर ठरतं. शाळेत भौतिकशास्त्राच्या पेपरापुरता पाठ केलेला हा शब्द रुग्णाने नीट समजून घ्यावा, असं मला वाटतं.

आवाज म्हणजे दाट-विरळ, दाट-विरळ असे पुढे सरकणारे थर. एका दाट थरापासून पुढच्या दाट थरापर्यंतचं अंतर ही त्याची तरंगलांबी. आवाजाच्या वेगाला सेकंदाला होणाऱ्या कंपनांनी भागलं की ती मिळते. हवेत आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. आपल्या कानाला २० ते २० हजार कंपनांचे आवाज ऐकू येतात. म्हणजे सगळ्यात ढाल्या आवाजाची लाट १७ मीटर लांब आणि सगळ्यात चिरक्या आवाजाची जेमतेम पावणेदोन सेंटीमीटर.

आता कोकणातल्या एखाद्या धक्क्यावर उभे राहा. पाण्यात रोवलेल्या बांबूची लाट दखलही घेत नाही. दोन्ही बाजूंनी वळसा घालून पलीकडे पुन्हा एक होते. तीच लाट लांबरुंद धक्क्यावर आली की आदळते, मागे फिरते आणि धक्क्याच्या आडोशाला पाणी संथ राहतं. अडथळा तरंगलांबीच्या मानाने फार लहान असेल तर लाट जवळजवळ जशीच्या तशी पुढे जाते. वटवाघळाचं सगळं पोट या नियमावर चालतं. ते ५० हजार कंपनांचा चीत्कार काढतं तेव्हा त्याची लाट सुमारे ७ मिलिमीटरची असते. पतंग-किडे हेरायला नेमकी. आपण कितीही ओरडलो तरी त्या आवाजाने पतंग सापडायचा नाही.

शरीराच्या मऊ भागांतून आवाज सेकंदाला सरासरी १५४० मीटर जातो. पोटाच्या तपासणीचा प्रोब साधारण ३५ लाख कंपनांचा, म्हणजे साडेतीन मेगाहर्ट्झचा धरला तर तरंगलांबी येते ०.४४ मिलिमीटर. दहा मेगाहर्ट्झचा प्रोब घेतला तर ०.१५ मिलिमीटर. मग सगळीकडे बारीक लाटच का वापरत नाहीत? कारण ती लवकर दमते. गणपतीची मिरवणूक दोन गल्ल्या पलीकडे असते तेव्हा भिंतींतून फक्त ढोलाची धडधड येते. ताशाची तडतड ऐकू यायला मिरवणूक दाराशी यावी लागते. पोटातही तसंच होतं. थायरॉइड, स्तन, सडपातळ मुलाचं अपेंडिक्स हे कातडीजवळ असतात, तिथे बारीक लाट वापरून बारकावे टिपता येतात. यकृत, मूत्रपिंड खोल. तिथे लांब लाट पाठवायची आणि थोडी अस्पष्टता सोसायची. चरबी जास्त असेल तर हे अंतर आणखी वाढतं. रिपोर्टात तसा उल्लेख दिसला की काही जण दुखावतात. तो टोमणा नव्हे, तपासणी किती खात्रीची झाली याची ती नोंद असते.

सोनोग्राफीचा खरा शत्रू मात्र हवा. मऊ पेशी आणि हवा यांच्या सीमेवर ९९ टक्क्यांहून जास्त आवाज परत फिरतो. म्हणूनच ते थंडगार जेल लावतात. प्रोब आणि कातडी यांच्यामध्ये हवेचा पापुद्राही राहू नये म्हणून. लघवी तुंबवून बसवतात तेही यासाठीच: भरलेली पिशवी वायूने फुगलेली आतडी बाजूला सारते आणि तिच्यातून आवाज सहज आरपार जातो. उपाशीपोटी बोलावतात कारण जेवल्यावर पित्ताशय आकसतं. आणि तरीही स्वादुपिंड बऱ्याचदा आतड्यांतल्या वायूआड दडून बसतं. मूतखड्याचंही तसंच. तो मूत्रपिंडात असला तर सहसा दिसतो. तिथून निसटून मूत्रवाहिनीच्या मधल्या भागात अडकला तर सुजलेलं मूत्रपिंड दिसतं, खडा दिसत नाही. अशा वेळी सीटी स्कॅन लागतो. जठरातला अल्सर शोधायला तर एंडोस्कोपीच हवी.

हे तंत्र आलं कारखान्यातून. धातूतली भेग प्रतिध्वनीवरून शोधणारं यंत्र उद्योगांत वापरात होतं. ग्लासगोचे स्त्रीरोगतज्ज्ञ इयन डोनाल्ड १९५५ मध्ये शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठी मोटारीत घालून बॉयलरच्या एका कारखान्यात गेले आणि त्या यंत्राखाली ठेवून पाहिल्या. द्रवाने भरलेली गाठ आणि भरीव गाठ यांचे प्रतिध्वनी वेगळे आले. पुढे त्यांच्याकडे एक बाई आल्या, जठराच्या असाध्य कर्करोगाचं निदान झालेल्या. प्रतिध्वनीत दिसली ती मोठी द्रवाची गाठ, बीजांडकोशाची. ती काढली आणि बाई बऱ्या झाल्या. डोनाल्ड आणि सहकाऱ्यांचा लेख १९५८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला.

आणखी एक भीती सतत भेटते, गरोदर बायकांच्या सासूबाईंच्या तोंडून बहुधा: ‘एवढे किरण बाळाला चालतील का?’ सोनोग्राफीत किरण नसतात. एक्स-रेची तरंगलांबी अणूपेक्षाही लहान असते आणि त्यातली ऊर्जा अणूतला इलेक्ट्रॉन उडवू शकते; आवाजाची लाट कितीही आखूड केली तरी ती एक्स-रे होत नाही. तिने पेशी किंचित तापू शकतात, म्हणून हौसेखातर तासभर बाळ बघत बसू नये, इतकंच. डॉप्लर तपासणीत पडद्यावर दिसणारे लाल-निळे रंगही शुद्ध-अशुद्ध रक्ताचे नसतात. प्रोबकडे येणाऱ्या रक्तावरून परतणारी लाट आखूड होते, दूर जाणाऱ्या रक्तावरून लांब. यंत्र सहसा पहिलीला लाल आणि दुसरीला निळा रंग देतं.

तेव्हा रिपोर्ट हातात आला की शेवटच्या ‘नॉर्मल’ या शब्दाच्या वर काय लिहिलंय ते पाहा. ‘वायूमुळे स्वादुपिंड दिसलं नाही’ अशा अर्थाची ओळ असेल तर स्वादुपिंडाबद्दल त्या रिपोर्टने काहीच सांगितलेलं नाही. दुखणं टिकून असेल, सोबत ताप, सततच्या उलट्या, डोळ्यांत पिवळेपणा, लघवीतून रक्त यातलं काही असेल, तर तोच रिपोर्ट घेऊन पुन्हा या. आणि पन्नाशीच्या पुढे पोटाच्या वरच्या भागात अचानक दुखून घाम फुटला, तर सोनोग्राफीची वेळ घेत बसू नका. ताबडतोब जवळचं रुग्णालय गाठा आणि आधी ईसीजी काढून घ्या.