अर्धी उघडलेली जीप घेताय? आधी नसलेले पार्ट मोजा



जुन्या गाड्यांवरचा व्हिडिओ टाकल्यापासून एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत येतोय. अमेरिकेत माणूस घरच्या गॅरेजमध्ये भंगारातली मस्टँग उभी करतो आणि भरपूर पैशाला विकतो, आपल्याकडं गावात बसून हे जमेल का?

जमेल, पण त्या माणसाच्या मागं काय उभं आहे ते आधी बघा. फोर्ड मस्टँग १९६४ साली बाजारात आली आणि आज तिचा दरवाजा, बॉनेट, अगदी बॉडीचा अख्खा सांगाडासुद्धा तिकडं नवीन बनवून मिळतो. गाडी अर्धी गायब असली तरी उरलेली अर्धी तो कॅटलॉगमधून मागवतो. म्हणून त्याला अर्धवट गाडी परवडते.

आपल्याकडंही अमेरिकन गाड्या होत्याच. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये सुरू केलेली प्रीमियर ऑटोमोबाइल्स कुर्ल्याच्या कारखान्यात क्रायसलरच्या परवान्यावर डॉज, प्लिमथ आणि डिसोटो जोडायची. एखाद्या जुन्या वाड्याच्या आवारात अशी डॉज दिसली की मन पाघळतं. माझं मत स्पष्ट आहे, पहिली गाडी म्हणून तिला हात लावू नका. इंजिनचं कसंही जमवता येईल. पण समोरची काच, क्रोमच्या पट्ट्या, दिव्यांच्या कड्या कोण बनवून देणार? एका काचेसाठी गाडी दोन वर्षं उभी राहते आणि तिच्याबरोबर तुमचं भांडवलही.

आपली मस्टँग म्हणजे महिंद्राची जीप. तीही मुळात अमेरिकेचीच, ओहायोतल्या टोलेडो गावच्या विलिस कंपनीची. मुंबईत माझगावला ती जोडायला सुरुवात झाली आणि सीजे-३बी हे मॉडेल महिंद्रानं पुढं कितीतरी दशकं बनवलं. मग एमएम-५४० आली, प्यूजोच्या परवान्यावरचं २११२ सीसी डिझेल इंजिन घेऊन. इतकी वर्षं तीच गाडी बनत राहिली म्हणून तिचे पार्ट आजही मिळतात. पत्र्याची नवी बॉडी मिळते, हूडचे पाइप मिळतात, ब्रेकचे रबर किट मिळतात. दिल्लीचं काश्मिरी गेट आणि मुंबईचे स्पेअर पार्टचे बाजार तर आहेतच, पण बरंचसं सामान परभणी-नांदेडच्या दुकानदाराला सांगितलं तरी मागवून मिळतं.

आता समजा, तुम्ही ताडकळसला राहता. घरामागं पत्र्याचं शेड आहे, वेल्डिंग येतं, ट्रॅक्टर आणि मोटरसायकलच्या कामावर हात बसलाय. जवळच्या एखाद्या गावात शेताच्या कडेला बाभळीखाली जीप उभी आहे. इंजिन खाली उतरवलेलं, रेडिएटर गायब, सीट नाहीत, वायरिंग उंदरांनी खाल्लेलं. मालक म्हणतो, "घेऊन जा साठ हजारात, सगळं सामान पोत्यात आहे."

तोट्याची सुरुवात त्या पोत्यापासून होते. बंद पडलेली पण अखंड गाडी तुम्हाला सांगते की तिच्यात काय आहे. अर्धी उघडलेली गाडी फक्त काय दिसतंय तेवढंच सांगते. आणि ती ज्यानं उघडली, त्यानं अर्ध्यात का सोडली, याचं उत्तर बहुतेक वेळा गाडीतच असतं. ब्लॉकला तडा असेल, चासी वाकलेली असेल, नाहीतर कागद नसतील.

म्हणून पैशाचं बोलणं करण्याआधी अर्धा दिवस काढा. ताडपत्री अंथरा, पोतं रिकामं करा आणि वहीत इंजिन, गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस, एक्सल, स्टिअरिंग, ब्रेक, बॉडी, वायरिंग असं एकेक लिहीत जा. प्रत्येकापुढं चारपैकी एकच शब्द लिहायचा: चालेल, दुरुस्त, बदली, नाही. "नाही" असलेल्या प्रत्येक वस्तूचा भाव तिथंच उभं राहून दुकानदाराला फोनवर विचारा. गाडीची किंमत या बेरजेनंतर ठरते. मालकानं साठ हजार सांगितले हा त्याचा आकडा झाला.

एक बारीक गोष्ट इथंच सांगतो. जुन्या जीपचे नटबोल्ट इंची मापाचे असतात, प्यूजो इंजिनाचे मिलिमीटरचे. आधीच्या माणसानं दोन्ही एकाच डब्यात टाकले असतील तर जबरदस्तीनं चुकीचा बोल्ट बसवून आटे मारलेले सापडतील. इंची पान्यांचा सेट नसेल तर तो खर्चात धरा.

कागद

पार्ट नसला तर मिळतो. कागद नसला तर गाडी विकताच येत नाही, ती शोभेची वस्तू होते. त्यामुळं पाना लावण्याआधी आरटीओत जा.

चासी नंबर आणि इंजिन नंबर आरसीशी जुळवा. पेट्रोल इंजिन काढून डिझेल बसवलेल्या जीपा आपल्याकडं भरपूर आहेत. तो बदल आरसीवर चढवलेला नसेल तर तपासणीत गाडी अडकणारच. चासी नंबराच्या जागेवर ग्राइंडर चुकूनही फिरवू नका. तिथला गंज हातानं कापडानं काढा आणि फोटो घेऊन ठेवा.

आरसी जुन्या पुस्तकाच्या रूपात असेल तर तिची नोंद ऑनलाइन वाहन प्रणालीत आहे का ते बघा. नसेल तर मूळ नोंदणी जिथं झाली त्या कार्यालयातून ती चढवून घ्यावी लागते. एमएच-२२ म्हणजे आपल्या परभणीची असेल तर एक खेप, दुसऱ्या जिल्ह्याची असेल तर किती खेपा होतील त्या मोजा. मूळ मालक वारले असतील तर वारसांच्या नावावर होण्यासाठी फॉर्म ३१ लागतो, आणि चार भावांमधला एक पुण्याला असतो. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर कर्ज कधीच फिटलेलं असूनही बँकेची सही असलेला फॉर्म ३५ लागतो.

आता पैसे. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची, त्यानंतर तपासणी करून ५-५ वर्षांनी नूतनीकरण. ऑगस्ट २०२५ पासून २० वर्षांवरच्या हलक्या मोटारीची नूतनीकरण फी १० हजार रुपये झाली आहे. उशीर झाला असेल तर महिन्याला ५०० रुपये जादा, शिवाय पर्यावरण कर. मुदत संपून बरीच वर्षं झालेल्या गाडीचा एकूण आकडा किती होतो तो काउंटरवरच काढून घ्या आणि मालकाशी बोलताना तो किमतीतून वजा करा.

गाडी ५० वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात असेल तर २०२१ च्या नियमांनुसार विंटेज म्हणून नोंदवता येते. नंबरात व्हीए ही अक्षरं येतात, फी २० हजार, मुदत १० वर्षं. पण अशी गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला चालत नाही. गिऱ्हाइकाला जीप घेऊन रोज शेतात जायचं असेल तर हा रस्ता त्याच्या कामाचा नाही, हे त्याला आधीच सांगा.

पैसा कुठं जातो

भाव गावोगावी वेगळे, म्हणून खालचे आकडे फक्त उदाहरणाचे समजा आणि तुमचे टाका. खरेदी ६० हजार, वाहतूक ५ हजार. इंजिन ४५ हजार. ब्रेक, स्टिअरिंग, बुश २५ हजार. पाच टायर २५ हजार. पत्रा आणि रंग ५० हजार. वायरिंग, बॅटरी, दिवे १५ हजार. हूड आणि सीट २० हजार. कागद २० हजार. एकूण २ लाख ६५ हजार.

गिऱ्हाईक साडेतीन लाख द्यायला तयार आहे. वाटतं, ८५ हजार सुटले! थांबा. जुन्या गाडीत झाकलेलं काहीतरी निघतंच. पार्ट आणि कामाच्या १ लाख ८० हजारांवर २० टक्के धरा, म्हणजे ३६ हजार गेले. उरले ४९ हजार. तुमचे तास लागले ४००. तासाला १२२ रुपये पडले. ट्रॅक्टरच्या कामात तुम्ही तासाला १५० काढत असाल तर या जीपनं तुम्हाला कमीच दिलं, वर पैसे आठ-दहा महिने अडकले ते वेगळंच.

म्हणून माझा आग्रह असा की पहिली जीप स्वतः विकत घेऊ नका. दुसऱ्याची गाडी मजुरीवर करा. आपल्या भागात आजोबांची जीप विकायची नाही पण चालू करायची आहे, अशी घरं असतात. गाडी त्यांची, कागद त्यांचे, पार्टचे पैसे पूर्ण आगाऊ, मजुरी टप्प्यांत. टप्पे कामावर ठरवा: चासी उभी राहिली, इंजिन सुरू झालं, रंग झाला, हातात दिली. तारखा ठरवताना सोयाबीन आणि हरभऱ्याचे पैसे कधी येतात ते बघा. जूनमध्ये पेरणीच्या तोंडावर हप्ता मागाल तर गाडी शेडमध्ये पडून राहील. मध्येच जादा काम निघालं तर फोटो पाठवून व्हॉट्सअ‍ॅपवर लेखी होकार घ्या. तोंडी "बघून घेऊ" पुढं वाद होतो.

कामाचा क्रम

सगळ्यात मोठी चूक म्हणजे रंग आधी. गिऱ्हाईक खूश होतं, फोटो छान येतो, आणि मग इंजिन बसवताना साखळी लागून बॉनेटला पोचा पडतो.

बॉडी उतरवून आधी चासी मोकळी करा. पाटे, शॅकल आणि स्टिअरिंग बॉक्स जिथं बसतात तिथं हातोडीनं ठोकून ऐका. आवाज भसका आला तर आतून गंज आहे. तिथं वरून पत्रा चिकटवू नका, कुजलेलं कापून वेल्डिंग करा. मग एक्सल आणि ब्रेक. मास्टर सिलेंडर, व्हील सिलेंडर आणि पाइप जुने चालवू नका, तिथं काटकसर नाही. जुन्या लायनरची धूळ हवेनं उडवू नका, तिच्यात अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्यानं पुसा.

इंजिन जाम असेल तर ढकलस्टार्टचा नाद नको. बोअरमध्ये डिझेल आणि ऑइल ओतून चार-पाच दिवस ठेवा, मग हातानं हळूहळू फिरवा. फिरलं की उघडा आणि ब्लॉक परभणी किंवा नांदेडच्या लेथवर मोजायला न्या. आधी कितव्या साइझला रिबोअर झालाय ते विचारा. २० आणि ४० झालेलं असेल तर ६० ची एक संधी उरते, त्यापुढं स्लीव्ह किंवा दुसरा ब्लॉक. हा आकडा खरेदीच्या आधी कळला तर सोन्याहून पिवळं.

पत्रा आणि रंग शेवटी, आणि तेही शक्यतो दिवाळी ते होळीच्या दरम्यान. पावसाळ्यात ओलीमुळं रंगावर पांढुरकी झाक येते. परभणीच्या मे महिन्यात तो पत्र्यावर बसण्याआधीच वाळतो आणि संत्र्याच्या सालीसारखा दिसतो. काळ्या मातीची धूळ तर बाराही महिने. शेडला आतून हिरवी जाळी लावा, जमिनीवर पाणी मारा. आणि लांबीचे थरावर थर चढवू नका, दोन उन्हाळ्यांत ती तडकते आणि गिऱ्हाईक तुमचं नाव घेऊन दाखवत फिरतं.

गाडी देताना पन्नासेक किलोमीटर स्वतः चालवून द्या, आणि ५०० किलोमीटरनंतर ती परत बोलवा. ऑइल बदला, हेडचे बोल्ट पुन्हा कसा, ब्रेक ॲडजस्ट करा. या खेपेचे पैसे वेगळे मागू नका, ते आधीच्या मजुरीत धरलेले असू द्या.