उभ्या डिझेल पिकअपची रेस: हाय-आयडल कंट्रोलरबद्दलचे गैरसमज

डिझेल पिकअप उभी असताना तिचं इंजिन साधारण ६०० ते ७५० आरपीएमवर फिरत असतं. अमेरिकेतल्या मिनेसोटा, नॉर्थ डकोटा, अलास्का या भागांत हिवाळ्यात पारा शून्याखाली वीस-तीस अंश उतरतो. तिथले बरेच पिकअपवाले गाडीत बाहेरून घेतलेला हाय-आयडल कंट्रोलर बसवतात. बटण दाबलं की रेस हजार-बाराशेवर जाते आणि पाय न लावता तिथेच टिकते. आपल्याकडे ट्रॅक्टरचा हाताने लावायचा थ्रॉटल हेच काम करतो. वस्तू साधी आणि उपयोगी आहे, पण तिच्याबद्दलच्या समजुतींपायी इंजिनं खराब होतात आणि क्वचित जिवावरही बेततं.

गैरसमज: रेस वाढवली की इंजिन झटपट तापतं.

हे अर्धंच खरं आहे. पेट्रोल इंजिनात थ्रॉटलची झडप हवा अडवते. पारंपरिक डिझेल इंजिनात अशी अडवणूक नसते, त्यामुळे आयडलला असतानाही सिलिंडर दर खेपेला थंड हवेने पूर्ण भरतो आणि त्यात डिझेल पडतं जेमतेम. एक किलो डिझेल पूर्ण जळायला साधारण साडेचौदा किलो हवा पुरते. आयडलला मात्र हवा डिझेलच्या पन्नास पट किंवा त्याहूनही जास्त असू शकते. जी काही उष्णता तयार होते, ती ही जादा हवाच सायलेन्सरवाटे घेऊन जाते. म्हणूनच वीस मैल चालवून तापवलेलं इंजिनही कडाक्याच्या थंडीत नुसतं उभं चालू ठेवलं तर हळूहळू थंड होत जातं.

रेस वाढवली की मिनिटाला स्फोट जास्त होतात, घर्षण वाढतं, डिझेलही जास्त जळतं. त्याने फरक पडतो, पण इंजिन खरं तापतं ते लोडने. कंपन्यांना हे पक्कं ठाऊक होतं. फोर्डच्या १९९४ ते २००३ या काळातल्या ७.३ लिटर पॉवर स्ट्रोकमध्ये टर्बोतून धूर बाहेर पडतो त्या तोंडाशी एक झडप दिलेली होती. थंडीत ती मिटते आणि धूर बाहेर ढकलण्यासाठी इंजिनाला जोर लावावा लागतो. तोच त्याचा लोड. डॉजच्या पिकअपमधल्या २४ व्हॉल्व्हच्या कमिन्सने वेगळीच वाट काढली. गारठ्यात हाय-आयडल लागला की ईसीएम, म्हणजे इंजिन चालवणारा संगणक, सहापैकी तीन सिलिंडरांचं डिझेल तोडतो. मग उरलेल्या तिघांना सगळा भार ओढावा लागतो, त्यांना जास्त डिझेल मिळतं आणि ते तापतात. त्या वेळचा आवाज ऐकला तर आपला कुठलाही मेकॅनिक ‘मिसिंग आहे’ म्हणून बॉनेट उघडेल. नुसती रेस वाढवणारा डबा यातलं निम्मंच काम करतो, हे तो विकत घेण्याआधी माहीत असलेलं बरं.

गैरसमज: कंट्रोलर लावला की गाडी रात्रभर चालू ठेवायला हरकत नाही.

थंड सिलिंडरात डिझेल पुरतं जळत नाही. न जळलेला भाग लायनरवरची ऑइलची फिल्म धुऊन काढतो आणि रिंगांच्या फटीतून चेंबरमध्ये उतरतो. डिपस्टिक काढून बघा. ऑइल टाकलेलं नसताना पातळी वर सरकलेली दिसली आणि काडीला डिझेलचा वास आला, तर हेच झालेलं असतं. असं पातळ झालेलं ऑइल बेअरिंगं सांभाळू शकत नाही. हाय-आयडलने हा त्रास कमी होतो, संपत नाही.

थंडीवरचा खरा उपाय म्हणजे ब्लॉक हीटर. इंजिनच्या पाण्यात बसवलेली ही विजेची कॉइल असते, पिकअपमध्ये बहुधा ७५० ते १००० वॉटची. तिची वायर पुढच्या जाळीतून बाहेर काढलेली असते. अलास्कातल्या फेअरबँक्समध्ये तर पार्किंगच्या जागांवरही या वायरींसाठी प्लगची सोय असते. सकाळी निघण्याआधी काही तास हीटर लावला, सुरू केल्यावर थोडा वेळ थांबलं आणि मग हलक्या पायाने गाडी चालवली, तर ती उभ्या-उभ्या कितीही रेस करण्यापेक्षा लवकर तापते.

गैरसमज: याने पॉवर वाढते.

नाही. पॉवर वाढवणारी चिप ही वेगळी वस्तू आहे. हा कंट्रोलर इंजिन किती फेऱ्यांवर उभं ठेवायचं एवढंच ठरवतो.

मग त्याचा खरा उपयोग कुठे? उभ्या गाडीकडून काम करून घेताना. अल्टरनेटरच्या लेबलवरचे अँपिअर तो जोरात फिरत असतानाचे असतात. आयडलला त्यातला काही भागच हाती येतो. पुढे बर्फ ढकलायचा नांगर, वर दिवे, मागे विंच किंवा इन्व्हर्टर असं सगळं लावलं की आयडलवर बॅटरी उतरायला लागते. म्हणूनच ७.३ लिटर इंजिनच्या रुग्णवाहिकांमध्ये व्होल्टेज पडलं की रेस आपोआप वाढवणारं मॉड्यूल दिलेलं असायचं. माझ्या मते हा कंट्रोलर घ्यायचं सर्वांत पटण्यासारखं कारण हेच.

गैरसमज: ॲक्सिलेटरच्या वायरीत काहीही जोडलं तरी चालतं.

इथे मला सर्वांत जास्त काळजी वाटते. २००५ नंतरच्या फोर्ड सुपर ड्यूटीत डॅशबोर्डखाली यासाठी कंपनीनेच मोकळ्या वायरी सोडलेल्या असतात. त्यातल्या एकीला स्विचमधून १२ व्होल्ट द्यायचे आणि दोघींमध्ये ठरावीक ओहमचा रेझिस्टर लावायचा, की किती रेस हवी ते ईसीएमला कळतं. ते मान्य करायचं की नाही, हे मात्र ईसीएमच ठरवतो. गियर पार्कमध्ये, हँडब्रेक लावलेला, ब्रेकवर पाय नाही आणि गाडी जागेवर, हे सगळं जुळलं तरच रेस वाढते. ब्रेकला पाय लागला की ती लगेच उतरते.

पेडलच्या सेन्सरला फसवून रेस वाढवणारे स्वस्त डबे यातलं काहीच तपासत नाहीत. बाराशेवर असताना चुकून ड्राइव्ह पडला, तर साडेतीन टनांची गाडी पुढे झेप घेते, आणि पुढे गॅरेजचं दार असतं किंवा माणूस. म्हणून सर्किट कंपनीच्या बॉडी-बिल्डर मॅन्युअलमधलंच, म्हणजे गाडीवर जादा साधनं बसवणाऱ्यांसाठीच्या पुस्तिकेतलंच घ्यावं. जोड सोल्डर करून त्यावर हीट-श्रिंक चढवावी आणि फ्यूज विसरू नये.

गैरसमज: नव्या गाड्यांनाही हाच उपाय.

२००७ पासून अमेरिकेतल्या डिझेल पिकअपमध्ये डीपीएफ म्हणजे काजळी अडवणारी जाळी आली. भारतात भारत स्टेज ६ लागू झालं २०२० मध्ये, तेव्हापासून ती आपल्याकडच्या डिझेल गाड्यांतही दिसते. गाडी उभी ठेवली की या जाळीत काजळी साठत जाते. ती जाळून टाकणं हा ईसीएमचा स्वतंत्र कार्यक्रम असतो. बाराशे रेसवर तासभर उभं राहून तो उरकत नाही. त्यासाठी सहसा गाडी हायवेला काढावी लागते.

वॉरंटीची भीती मात्र थोडी बाजूला ठेवायला हरकत नाही. १९७५ च्या मॅग्नसन-मॉस कायद्यानुसार, बाहेरचा पार्ट लावला एवढ्याच कारणाने अमेरिकेत वॉरंटी नाकारता येत नाही. बिघाड त्या पार्टमुळे झाला असेल तर गोष्ट वेगळी. उभी गाडी चालू ठेवण्याचे नियम मात्र पाळावे लागतात: कॅलिफोर्नियात १०,००० पौंडांपेक्षा जास्त एकूण वजनमर्यादेच्या व्यावसायिक डिझेल गाड्या ५ मिनिटांपेक्षा जास्त वेळ आयडल ठेवायला मनाई आहे, आणि काही मोठ्या पिकअपही त्यात येतात.

डिझेलचा धूर पेट्रोलइतका घातक नाही, ही समजूतही सोडून द्यावी. त्यात कार्बन मोनॉक्साइड कमी असतो, पण असतो. शिवाय २०१२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने डिझेलच्या धुराला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. बंद गॅरेजमध्ये किंवा सायलेन्सर बर्फात बुजलेला असताना गाडी चालू ठेवून आत बसू नये.

कंट्रोलर बसवून झाल्यावर मोकळ्या जागेत, चाकांना ठोकळे लावून एकदा तपासून घ्या. रेस वाढवा आणि ब्रेक दाबा. रेस उतरली नाही, तर वायरिंग दुरुस्त होईपर्यंत स्विचचा फ्यूज काढून ठेवा.